पिवळं मी हातानं घालतो

फोटोग्राफर फोटो काढतो, असं लोकांना वाटतं. काढणं हा धंद्याचा लहान भाग झाला. बटन कुणी पण दाबतं. काढलेला फोटो घरच्यांच्या पसंतीस उतरेल असा करून देणं, हा खरा धंदा. आमच्या दुकानात काढायचं काम माझं होतं आणि करून द्यायचं काम माझ्या बायकोचं. दुकान येरमाळ्यात, हायवेच्या कडेला, एसटी थांबते तिथून दिसतं. पाटीवर नाव माझं. गिऱ्हाईक तिचं.

तिचं नाव कौसल्या. जिती होती तोवर मी तिला नावानं हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. "अगं" म्हटलं की भागायचं. आता लिहायचं तर नाव लागतं. मागच्या श्रावणात ती गेली. साखर होती, ती किडनीत उतरली. त्यावर जास्त लिहीत नाही. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातला अनुभव मागितलाय, दुखणं मागितलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलेलं त्यांनी दुरुस्त करून घ्यावं. आमचा धंदाच दुरुस्तीचा, मला राग येणार नाही.

यंदा माझ्यापुढं एकच सवाल होता. फोटो दुरुस्त करायच्या नव्या प्लगिनचे पैसे भरायचे, का दुकानाला कुलूप लावायचं. ऐकायला बारीक गोष्ट आहे. माझा अख्खा उन्हाळा त्यात गेला.

प्लगिन म्हणजे काय ते आधी सांगतो. कॉम्प्युटरमध्ये फोटोचं एक मोठं सॉफ्टवेअर असतं. तो ट्रॅक्टर धरा. नुसता ट्रॅक्टर रानात फिरवून काही होत नाही. त्याच्या मागं नांगर लावावा लागतो, पेरणीयंत्र लावावं लागतं. प्लगिन म्हणजे ते मागं लावायचं अवजार. एक कातडीवरचे डाग काढतं, एक उजेड नीट करतं, एक रंग बघतं. ट्रॅक्टर नवा आला की जुनं अवजार त्याला बसत नाही. कंपन्या बसू पण देत नाहीत. पूर्वी अवजार एकदा घेतलं की घेतलं. सीडीवर यायचं, आणि एकाची सीडी चार दुकानांत फिरायची, त्यावर पण जास्त लिहीत नाही. आता दर वर्षाला भाडं भरावं लागतं. भाडं थकलं की अवजार आपोआप बंद.

कौसल्या लग्न होऊन आली तेव्हा सातवी शिकलेली होती, म्हणजे आमच्या घरात सगळ्यात शिकलेली. तेव्हा रोलचा जमाना. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं काम करायचं. खाली काच, काचेखाली बल्ब, वर निगेटिव्ह, आणि पेन्सिलीला टाचणीसारखं टोक. चेहऱ्यावर देवीचे वण असले की निगेटिव्हवर त्या जागी हलक्या हातानं पेन्सिल भरायची. मग कागदावर तिथली कातडी सारखी यायची. मी तिला दाखवलं आणि ती माझ्या पुढं निघून गेली. माझा हात जड, तिचा हलका. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात इतका हलका कसा, हे मला कळलं नाही.

पुढं कॉम्प्युटर आला. मी म्हटलं, हे आपलं काम नव्हं.

ती माऊस हातात धरून म्हणाली, "पेन्सिलच हाय की ओ ही. फकस्त शेपूट लागलंय."

फोटो दुरुस्त करणं म्हणजे गोरं करणं, असा गिऱ्हाइकाचा समज असतो. स्थळाला पाठवायचा फोटो असला की बाप दारातूनच सांगत येतो. जवळच्याच एका गावचे बागाईतदार होते, पाटील. पोरीला घेऊन आले.

"पैशाकडं बघू नका वहिनी, पण पोरगी गोरी करा."

"करते की. केवढी करू?"

"हिरोईनवानी."

कौसल्यानं पोरीकडं बघितलं. सावळी, नाकीडोळी नीटस पोरगी, मान खाली घालून बसलेली.

"पाटील, फोटोत करून देते. पन पावनं बघायला आल्यावर पोहे घिऊन माझं मशीन येनार हाय का पोरगी?"

पाटील उठून गेले. दुसऱ्या गावच्या स्टुडिओतून पाहिजे तसा फोटो करून आणला. लोहाऱ्याकडचं स्थळ होतं. पाहुणे फोटो बघून खूश झालेले, जीप भरून आले. पोरीनं पोहे आणून ठेवले आणि बाजूला उभी राहिली. मुलाच्या मामानं पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "पोहे झकास. आता नवरीला बोलवा."

हे पाटलांनीच नंतर आमच्या बाकड्यावर बसून सांगितलं. सांगताना हसले नाहीत. पोरगी त्या दिवशी जेवली नाही म्हणाले.

"वहिनी, आता तुमीच करा. जशी हाय तशी."

"जशी हाय तशी न्हाय," कौसल्या म्हणाली. "उजेडात बसल्यावर दिसती तशी."

त्या फोटोवर पोरीचं जमलं. तिच्या लग्नाचं काम आम्हालाच मिळालं.

दुसरं मोठं काम मयताच्या फोटोचं. माणूस जातो आणि दहाव्याच्या आत भिंतीवर फोटो लागतो. तेव्हा घरच्यांच्या ध्यानात येतं, म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटोच नाही. मग आधार कार्ड घेऊन येतात. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्यातला फोटो आणतात, त्यात म्हातारं कडेला, निम्मं दुसऱ्याच्या खांद्याआड. त्याला तिथून बाहेर काढायचं, गेलेला खांदा भरायचा, डोक्याला फेटा बांधायचा, सदऱ्याला गुंडी लावायची. फेटे आमच्याकडं सगळ्या रंगांचे काढून ठेवलेले आहेत. गिऱ्हाइकानं रंग सांगायचा.

तामलवाडीकडचं एक घर आमचं नाव ऐकून आलं होतं. फोटो चांगला होता, पण म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. दुसरा फोटो नाही. कौसल्यानं विचारलं, "ह्यांच्यावानी डोळ्याचं घरात कोन हाय?" म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ बरोबरच आलेला होता, तो पण म्हाताराच. त्याच्याकडं बोट गेलं सगळ्यांचं.

तिनं सरळ त्यालाच विचारलं. "आजोबा, डोळं देताव का भावाला?"

"देतो की. त्यानं मला रान दिलं वाटनीत जास्तीचं. डोळ्याचं काय एवढं."

मी त्याला स्टुलावर बसवून फोटो काढला. कौसल्यानं त्याचे डोळे थोरल्याला लावले, पापण्या थोड्या खाली ओढल्या, वयाच्या मानानं. फोटो बघून घरातल्या बाया रडायला लागल्या, म्हणजे काम जमलं. आमच्यात पावती ती असते. धाकटा भाऊ मात्र फोटोपुढं उभा राहून एकदा इकडं सरकायचा, एकदा तिकडं.

"काय झालं आजोबा?"

"माझंच डोळं माझ्याकडं बघायलेत." मग म्हणाला, "बाई, म्या गेल्यावर मला कुनाचं लावताल?"

"तुमचा उघड्या डोळ्याचा आत्ताच काढलाय की. ठिवते जपून."

"मग लई बेस," म्हणून चहा घेऊन गेला.

पुढं कौसल्याच्याच डोळ्यांत मोतीबिंदू आला. साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि साखर काही खाली आली नाही. मोतीबिंदू पिकायला लागला की माणसाला सगळं पिवळट दिसतं, चहा गाळलेल्या फडक्यातून बघितल्यासारखं. तिला स्क्रीनवरचे फोटो पिवळे दिसायला लागले. मग ती त्यातलं पिवळं काढून टाकायची. तिच्या डोळ्याला ते बरोबर व्हायचं आणि तुमच्या आमच्या डोळ्याला फोटो निळा पडायचा.

माझ्या ध्यानात आलं ते हळदीच्या फोटोत. नवरदेवाच्या गालावर हळद नव्हतीच, भिंतीचा चुना फासल्यासारखं दिसत होतं.

मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती खुर्चीवरून उठली असती आणि परत बसली नसती. तिचा स्वभाव मला माहीत. तिचं काम झालं की ते फोटो अल्बमच्या पानात बसवायचं काम माझं असायचं. तिथं मी सगळ्यांत थोडं थोडं पिवळं घालायला लागलो. जसा मोतीबिंदू वाढला तसं पिवळं वाढवत गेलो. मग पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं बार्शीला जायचं, तिथल्या लॅबमध्ये अल्बम छापून मिळतो. बाकीचे दुकानदार आता घरी बसून नेटवरून पाठवतात. मी जात होतो. छपाईच्या आधी त्यांच्या मोठ्या स्क्रीनवर एकदा हळद बघून घेतली की बरं वाटायचं.

छापून आलेला अल्बम ती दारात उजेडाला धरून बघायची.

"अवं, अल्बममधी जरा पिवळं आलंय, नव्हं?"

"लॅबवाल्याचं मशीन तसंच हाय."

"गिऱ्हाईक काय म्हनतंय?"

"खूश हाय."

"मग ऱ्हाऊ द्या लॅबवाल्याला तसंच."

पुढच्या फेरीला निघालो तर तिनं पिशवीत डबा ठेवला. धपाटे आणि दही. "लॅबवाल्याला द्या. लई सांभाळून घेतोय मानूस," म्हणाली. तिथून पुढं दर फेरीला डबा. लॅबवाल्याला आपल्याला डबा कशाबद्दल मिळतो ते कळत नव्हतं, पण धपाटे आवडत होते. तो रिकामा डबा धुऊन परत द्यायचा. तिला कळलं होतं का, हे मी विचारलं नाही.

ती गेल्यावर पण मी कामं घेत राहिलो. रंगाचं काम मला येत नाही असं नाही, पण माझा हात जड तो जडच. फोटोत माणसं रंगवल्यासारखी दिसतात. जुनी गिऱ्हाइकं तोंडावर बोलत नाहीत, फक्त पुढच्या लग्नाला येत नाहीत. शिवाय आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये गोरं करायची सोय आहे. पाटलांच्या काळात ही सोय असती तर ते आमच्या दुकानाची पायरी चढले नसते.

अशात शिमग्याच्या सुमारास कॉम्प्युटर बसला. कळंबला बालाजीचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पोराबाळांचा बाप आहे, पण मी त्याला पहिल्यापासून अरेतुरे करतो. त्यानं नवं मशीन जोडून दिलं. फोटो सगळे वाचवले. पण कौसल्या वापरायची ते जुनं प्लगिन त्यावर चालेना.

"काका, कंपनीनं ते बंदच केलंय. नवं घ्यावं लागतंय."

"केवढ्याला?"

त्यानं सांगितलं. एका लग्नाचा बयाणा जाईल एवढं भाडं, ते पण दर वर्षी.

"आनि न्हाय घेतलं तर?"

"तर मशीनवर पत्ते खेळा."

हातात लग्नाचं काम अडकलेलं होतं. गावातले किराणा व्यापारी शिवलिंगअप्पा, त्यांच्या पोरीचं लग्न. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मी काढलेलं. पोरगी सासरी नांदायला लागली तरी अल्बम नाही. शिवलिंगअप्पा रोज दुकानावरून जाताना गाडी थांबवायचे.

"पोरीला पोर झाल्यावर देताव का अल्बम? म्हंजी बारशाचं फोटो पन त्यातच घालू."

मी हसायचो. त्यांचं चूक नव्हतं.

माझी मुलगी संगीता पुण्याला असते. तिला रोज फोन लावत होतो. तिनं एक दिवस स्पष्ट सांगितलं.

"आप्पा, झालं की आता. बंद करा दुकान आणि इकडं या."

"तिकडं येऊन काय करू?"

"नातवाला शाळेत सोडत जा."

"त्याला बस हाय."

"मग भरा पैसे. एक कायतरी करा, पण रोज मला तेच ते सांगू नका."

ती तापट आहे, आईवर गेली आहे. पण मग तिनंच नेटवर सगळं वाचून काढलं आणि परत फोन केला. या नव्या प्लगिनमध्ये एक वेगळी गोष्ट होती. त्याला तुमचं जुनं काम दाखवायचं. आधी फोटो कसा होता आणि तुम्ही केल्यावर कसा झाला. असे ढिगानं फोटो दाखवले की ते तुमचा हात उचलतं. मग नवा फोटो दिला की त्याच हातानं करून देतं.

"म्हंजी तुझी आई करायची तसं?"

"आईच करायची तसं. तिचं सगळं काम आहेच की आपल्याकडं."

मला ते आवडलं नाही. गेलेल्या माणसाचा हात घ्यायचा आणि त्याला विचारायचं पण नाही. तामलवाडीच्या म्हाताऱ्याला निदान विचारून डोळे घेतले होते. हे मी संगीताला बोललो.

"आईनं हो म्हटलं असतं."

"तुला काय म्हाईत?"

"तिला दुसऱ्यानं केलेलं कधी पसंत पडलंय का? भाजी मी चिरली तरी ती परत चिरायची. स्वतःच्या हातचंच लागायचं तिला."

मी बालाजीला ये म्हणून सांगितलं.

पंधरवडाभर प्लगिन फुकट वापरून बघता येत होतं. तेवढ्यात हो किंवा नाही ठरवायचं. बालाजी मोटारसायकलवर कळंबहून आला. कॉम्प्युटरपुढं आला आणि उभाच राहिला.

"काकूंच्या खुर्चीवर बसू का?"

"खुर्ची बसायलाच असती."

बसला. तिचं सगळ्यात ताजं काम कुठल्या फोल्डरात आहे ते विचारून त्यानं तेच प्लगिनला शिकायला दिलं. ताजं दिलेलं चांगलं, म्हणाला. ते शिकत असताना आम्ही देवीच्या दर्शनाला जाऊन आलो, जेवलो, त्यानं बाकड्यावर झोप काढली. ऊन उतरल्यावर त्यानं शिवलिंगअप्पांच्या पोरीच्या हळदीचे फोटो त्याला घातले. मी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. चहा येईस्तोवर सगळे फोटो करून झाले होते. ह्या कामाला कौसल्याला आठवडा लागायचा.

मी चष्मा पुसून बघायला बसलो. हात तिचाच होता. कडेची माणसं जराशी अंधारात ठेवायची आणि मधल्याच्या कपाळावर उजेड आणायचा, ही तिची सवय. म्हाताऱ्या बायांच्या सुरकुत्या तशाच ठेवून फक्त डोळ्याखालचं काळं उचलायचं, ही पण तिचीच. गोंदण कधी पुसायची नाही. सगळं तसंच आलेलं. आणि सगळं निळं.

"काका, कायतरी चुकलं," बालाजी म्हणाला. "हळद बघा की. खडू फासल्यावानी दिसायलीय."

त्यानं दोन फोटो संगीताला पाठवले. तिचा लगेच फोन आला. "आप्पा, हे असं निळं का आलंय?"

बालाजीनं फोन स्पीकरवर ठेवला होता. मी तो बंद कर म्हटलं नाही. मोतीबिंदूचं सांगितलं, चहाच्या फडक्याचं सांगितलं. अल्बमच्या पानात काय करत होतो ते पण सांगितलं. आजवर हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"म्हणजे आईला दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं. पिवळं दिसत हुतं."

"आणि तुम्ही..."

"म्या घालत हुतो."

बालाजी उगीच माऊस हलवत बसला. मग तो त्याच्या कामावर आला. त्याचं बरोबर होतं.

"काका, सोपं हाय. शेवटची सालं काढून टाकू. डोळं चांगलं असतानाचं काम शिकायला दिऊ. मग निळं येनारच न्हाय. तुमाला कशालाच हात लावायला नको. बटन दाबलं की अल्बम."

"हां आप्पा," फोनमधून संगीता म्हणाली, "तसंच करा."

मी कर म्हटलं. दुसऱ्या दिवशी तसं केलं. तेच हळदीचे फोटो प्लगिनकडून परत करून घेतले. खोट काढायला जागा नव्हती. हळद हळदीसारखी, पोरीच्या हातातला हिरवा चुडा हिरवा, मांडवाचं कापड पण जसं होतं तसं. बालाजी खूश होऊन गेला.

मी त्या खुर्चीत बसून राहिलो. करायला काहीच नव्हतं. पेनड्राइव्ह लावायचा, काढायचा. असं काम मी कधी केलं नव्हतं. पुढचे दिवस रोज सकाळी दुकान उघडून दोन्ही तऱ्हेचे फोटो शेजारी शेजारी लावायचो. हळदीचाच एक फोटो होता, नवरीची आत्या तिच्या गालाला हळद लावताना. एकीकडं पिवळी, एकीकडं निळी. दोन्ही हात कौसल्याचेच. डोळे चांगले असतानाच्या कामात ती एकटी होती. निळ्या कामात माझ्यासाठी जागा ठेवलेली होती. ती तिनं ठेवलेली का आपोआप राहिलेली, मला ठाऊक नाही.

फुकटची मुदत संपायच्या दिवशी शिवलिंगअप्पांनी गाडी थांबवली, पण या खेपेला टोमणा मारला नाही. "बघा बाबा, जमत नसंल तर फोटो द्या, बार्शीत कुनाकडनं तरी करून घेतो," म्हणाले. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. ते गेले आणि मी बालाजीला फोन लावला.

"पैसे भरतो म्या. पन शेवटच्या सालांचं ठिव."

"कुठलं? निळं?"

"निळं."

"काका, चांगलं सोडून? मग काय रोज पिवळं घालत बसनार का?"

"व्हय."

"येड्यावानी काम हाय हे."

"मला दुसरं काय काम हाय? नातवाला बस हाय."

तो हसला. भाडं त्यानंच मोबाइलवरून भरून दिलं, मी त्याला रोख दिले.

तिच्या निळ्यात आणि मशीनच्या निळ्यात एक फरक आहे, तो लिहून ठेवतो. तिचं निळं कमीजास्त व्हायचं. सकाळी केलेल्या फोटोत कमी, डोळे दमल्यावर जास्त. मशीनचं निळं सगळीकडं सारखं पडतं. सारखं असल्यामुळं पिवळं पण एकदाच सगळ्यांना घालता येतं, बालाजीनं ते करून दाखवलं. मी एकेकाला घालतो. घाई कुणाला आहे.

अल्बम घेऊन बार्शीला गेलो. लॅबवाल्याला तिची खबर होती. तरी सवयीनं त्याची नजर माझ्या पिशवीकडं गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. पानं स्क्रीनवर उघडून बघत म्हणाला, "काकूंनी करून ठेवलेलं होतं का हे? हात त्यांचाच दिसतोय."

"तिचाच हाय," मी म्हटलं.

शिवलिंगअप्पांच्या घरी अल्बम मीच नेऊन दिला. त्यांच्या मंडळींनी सगळ्यात आधी हळदीचं पान काढलं. बायका तेच काढतात. बोटानं पोरीचा गाल चाचपून बघितला त्यांनी, कागद आहे हे माहीत असून.

"हळदीला रंग लई झकास आलाय ओ."

"लॅबवाला चांगला हाय," मी म्हटलं.

त्या प्लगिनची एक खोड सांगून थांबतो. मी आता पिवळं त्याच्याच खिडकीत घालतो, ते त्याला कळतं. एक लग्न हातावेगळं झालं की स्क्रीनवर इंग्रजीत एक पाटी येते. बालाजीनं तिचा अर्थ सांगितला. तुम्ही प्रत्येक फोटोत पिवळं वाढवता असं दिसतं, हे आम्ही शिकून घेऊ का, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला करावं लागणार नाही. खाली दोन बटनं. उजवीकडचं हो म्हणायचं, डावीकडचं नको म्हणायचं. दर लग्नाला विचारतं. विचारून घेतं, याबद्दल माझी तक्रार नाही.

मी डावीकडचं दाबतो.